शेवंता घर सोडून निघाली

डोळ्यांत थेंब घालून, पापण्या गच्च मिटून मृण्मयी पुंडलिकनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. दिसत काहीच नव्हतं, म्हणून कान नुसते टवकारले होते! शेजारी गंगापूरचा बिभीषण जवळ बसलेल्या आपल्या अक्काला मोबाईलमध्ये बघून स्वतःची पहिलीवहिली कथा वाचून दाखवत होता.

“‘माते, मी हे घर कायमचं सोडून जाते!’ शेवंता हुंदका देत उद्गारली.”

“माते? गंगापुरात नाटक कंपनी उतरली का रं?”

“बरं, ‘आये’ करतो. पुढं ऐक.”

“आन् उद्गारली कशाला? म्हनली, लिही की! लई आला शब्दांचा बादशहा.”

“अक्का, संध्याकाळी स्पर्धेला पाठवायचीय. चूक सांग, टोमणे नको.”

“मग ऐक. घर सोडताना पोरगी ‘जाते’ म्हनंल व्हय? ‘येते’ म्हनंल.”

“अगं, ती परत येणारच नाय!”

“म्हनून तर! ‘येते’ म्हनून गेलेली येत नाय, तवा आई रडती. तुझ्या ‘जाते’ला कुत्रं तरी रडंल का?”

“चारचौघांत लाज काढतीस? बस एकटीच. जातो मी!”

खुर्ची करकरली. चपला तरातरा दाराकडं निघाल्या.

“ए बिभ्या! जातो म्हनू नये. येतो म्हन.”

चपला थांबल्या. मग हळूहळू परत आल्या.

“अक्का, आत्ताचं परत म्हण. शेवंताच्या आईला वाक्यच नाय माझ्याकडं.”

“घ्या! लेखक ह्यो, आन् बोलायचं म्या!”