मोहिमेसाठी एक चेहरा

नाही, चेहरा लागतो हे मला पटलं, योगेंद्रभैया — तुम्ही ही ऑनलाइन मदतीची मोहीम लावून द्यायला इंदूरहून एवढे आलात, दुपारपासून समजावताय, आणि मी काही अडाणी नाही, शाळेत शिकवते — सेंटरच्या गाडीचा फोटो टाकला तर लोक गाडी बघतात आणि पुढे सरकतात, मूल दिसलं तर थांबतात. बरोबर ना? मीही थांबते. संस्थेच्या नावाने कोणी देत नाही, एका मुलाच्या नावाने देतात, आणि ते मूल सुरुवातीलाच दिसायला हवं — कळलं सगळं. चहा घ्या ना, साय धरली त्यावर. पण मूल आणायचं कुठून?

हसू नका. सेंटरमध्ये मुलं आहेत — म्हणजे होती — मुलांना आणणारी गाडी बंद पडल्यापासून बुऱ्हाणपुरातली तेवढी येतात, दापोरा, फोपनार, खकनारची घरीच पडून आहेत, आणि या मुलांचं असं आहे की व्यायाम थांबला की पाय आखडतात, मग ते परत सरळ करताना मूल रडतं, आई रडते, व्यायाम घेणाऱ्या मॅडम तोंड फिरवतात. तुम्ही म्हणता मोहिमेची तयारीच महिनाभर करायची. करा, पण पाय थांबत नाहीत ना तोवर — जाऊ द्या. मुलं आहेत, फोटो कोणी देणार नाही. का? तर चूक आमचीच. मागच्या वेळी आम्ही घरच्या घरीच केलं सगळं, दापोऱ्याच्या गोटूचा फोटो घेतला, गोड हसतो तो, आणि इथे गल्लीच्या तोंडाशी कडूभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यांनी फुकट बनवून दिलं — भला माणूस — पण त्यांच्याकडे तयार नमुना एकच, रोज तेच काम येतं ना: गोल फोटो, भोवती पांढरी फुलं, दोन बाजूंना समया. मधला मजकूर आमचा, गाडीसाठी मदत करा म्हणून, खाली क्यूआर कोड. आणि मी पाहिलं, भैया, मी पाहून ‘छान झालंय’ म्हटलं. व्हॉट्सॲपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ॐ शांती’, जोडलेले हात — मजकूर वाचतो कोण? दुसऱ्या दिवशी रावेरहून गोटूच्या आईचे काका-काकू बसायला आले, एसटीतून उतरल्यापासून काकूंचं रडणं चालू — आणि हा ओट्यावर, केळं खातोय. तुम्ही हसताय, मीही हसले होते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. लक्ष्मी नाही हसली, त्याची आई. त्याची दृष्ट काढली, आंघोळ घातली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून एकही आई तयार नाही. घरोघर जाऊन आले मी. शेवटी लक्ष्मीच म्हणाली — वाईट मनाने नाही हं, गोटूचे पाय चोळता चोळता म्हणाली — ताई, तुमच्या तुषारचा लावा ना, त्याला आता काय व्हायचंय.

खरंच आहे. त्याला आता काय व्हायचंय. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि — तुम्हाला तुमच्या ऑफिसात सांगितलंच असेल. त्याच्यासाठीच तर सेंटर काढलं होतं. मघाशी तुम्ही त्याचं नाव काढलं तेव्हा मी म्हटलं, व्हिडिओ नाही त्याचा. आहे. याच फोनमध्ये आहे. आडव्या दांड्याला धरून पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाचा, हसतोय, लाळ गळतेय — ते चालेल ना? — चालेल म्हणजे उलट चांगलं, हो ना, तुमच्या हिशेबाने. फक्त तो गेला हे लिहू या. नको? का? … हं. गेलेल्या मुलासाठी लोक हात जोडतात, मदत करत नाहीत. तेही पाहिलंय मी. खोटं लिहायचं नाही, फक्त ‘तुषारसारखी मुलं’ म्हणायचं, आणि पुढचं नाही सांगायचं. मग लोक लिहितील — लवकर बरा हो बाळा. लिहितीलच, लोक चांगले असतात. आणि प्रत्येकाला आपण उत्तर द्यायचं, त्याच दिवशी, हा नियम तुमचाच. काय लिहू मी त्यांना? धन्यवाद?

नाही, चिडले नाही. तुम्ही तुमचं काम करताय. दुसरा रस्ता असता तर तुम्हीच सांगितला असता, एवढं कळतं मला. लक्ष्मीचा काल फोन होता, गोटूची टाच टेकत नाही जमिनीला.

आवाज काढता येईल का त्यातला? मागे माझा आवाज आहे — सोडू नको राजा, अजून थोडं, अजून थोडं — नाही? आवाजानेच माणूस थांबतो. बरं. राहू द्या मग.

घ्या, पाठवला. आला का? — नाही, इथे नका लावू. भैया, बंद करा तो. स्टेशनवर बसून बघा, गाडीत बघा. निघा आता तुम्ही.