मौन नव्हतं ते

हॅलो?… कोण?… हां, वन्सं, बोला. … छे, झोपले कुठली, इस्त्री करत होते. उद्या कोर्टात यांना घालायला तो पांढरा शर्ट… थांबा, आधी बटण बंद करते, नाहीतर शर्टाची चाळण व्हायची. … हं, बोला आता.

हो, उद्याच. … वकीलबाई म्हणाल्या, उद्या पहिली साक्ष तुमचीच घेतील. तुम्ही थेट तिकडेच या, मी दाराशी उभी…

काय?

नाही, ऐकू आलं. ऐकू आलं म्हणूनच विचारलं. … येत नाही म्हणजे? … गुडघा. … वन्सं, काल तुम्ही दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढलात आणि वर पोचल्यावर मलाच फोन करून सांगितलंत, बघ, अजून चढते म्हणून. … आज दुखतोय. बरं. गाडी पाठवते मग. … अहो, साक्षीदाराला खुर्ची देतात. बसून बोलायचंय, नाचायचं नाहीये.

हं. … हं. … गुडघा नाही, तर मग काय ते सांगा तरी.

जावई? … जावयाचं काय? … कोणी बोलावलं त्याला? … त्याच हॉस्पिटलातल्या, त्याच्या एक्स-रे खात्याच्या साहेबांनी. … केबिनमध्ये बसवलं… चहा पाजला… आणि म्हणाले, "तुमच्या सासूबाई उद्या कोर्टात यायच्यात असं ऐकलं." … एवढंच? … पुढे काही नाही? … नाही, बरोबर आहे, पुढे काही लागतच नाही. चहा पाजून नोकरीची आठवण करून दिली. त्या हॉस्पिटलात गोड बोलायचं सगळ्यांनाच शिकवलेलं दिसतंय. मला वाटायचं तो सर्जनच एकटा गोडबोल्या.

नाही, मी चिडले नाही. … समजतंय हो. लेकीचा संसार आहे, नातू लहान आहे, समजतंय सगळं. मी काय दगड आहे? … पण वन्सं, ऐका ना… अहो, ऐका तरी. तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाहीये तिथे ते ऐकलेलं. एक तो सर्जन, एक त्याचा ज्युनिअर आणि तुम्ही. ते दोघे बोलणारेत का? आधी ज्युनिअरला मराठी-इंग्रजी सगळं यायचं, आता त्याला काहीच आठवत नाही.

हो… हो, वकीलबाईंनी सांगितलंय ना. मलाही आधी कळत नव्हतं. मी म्हणायचे, गाठ काढायला यांचा गळा उघडला आणि आवाजाची नस कापली, याहून मोठा पुरावा कसला हवा? तर त्या म्हणाल्या, नस कापली जाऊ शकते. त्या ऑपरेशनात तो धोका असतोच, आधी सांगितलेलाही होता, त्यावर यांची सही आहे. नुसतं तेवढ्यावर कोर्ट त्याला धरणार नाही. पण कापली गेल्याचं कळूनही तोंड मिटून बसला, नस जोडायची वेळ होती ती जाऊ दिली, हे जर दाखवता आलं तर… आणि ते दाखवणार कोण? तुम्ही.

काय ऐकलंत ते आठवतंय ना तुम्हाला? … मग म्हणून दाखवा एकदा. … मला नका टाळू. म्हणा.

"नस गेलीय, मला टेबलावरच दिसलं." … हं. … "घरचे मौन समजतायत, समजू दे. एकदा घरी जाऊ देत." … बघा, अजून अक्षरही हललेलं नाही. लिफ्टपाशी बाकावर बसला होतात आणि त्यांना वाटलं, ही म्हातारी, हिला काय कळतंय. … तेव्हा नव्हतं कळलं, माहितीये. कुठली नस, कुणाची नस. पुढे त्या दुसऱ्या घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्हीच माझ्या हातातली पिशवी गच्च धरलीत आणि म्हणालात, "अगं, हे मी ऐकलंय." … तुम्हीच म्हणालात. मी नव्हतं विचारलं.

हॅलो? … आहात ना? … 

रडताय कशाला? … वन्सं… अहो, सावकाश. पाणी प्या. … कोण विचारेल? … त्यांचा वकील? काय विचारेल? … 

हं.

अच्छा. म्हणजे जावयाचं आत्ता आलं. खरं हे आहे.

नाही, बोला, ऐकतेय. … "नर्सला मौनाचं कोणी सांगितलं, असं विचारेल." … हो, विचारणार. केसपेपरवर लिहिलंच आहे तिनं, पेशंट मौनात आहे, बहिणीने सांगितलं म्हणून. … "आणि मग सगळ्यांसमोर ठरेल की माझ्यामुळेच…"

अहो, तुम्ही खोटं कुठे सांगितलंत? आयुष्यभर काय बघितलं आपण? यांनी कीर्तनात देवाची गोष्ट तीन-तीन तास गाऊन सांगायची आणि घरी आलं की दोन दिवस तोंडातून शब्द नाही. गळ्याला विश्रांती. पाटीवर लिहून भाजी मागायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तेच म्हणाले ना, "आता चांगलं आठवडाभर मौन धरतो." मग शुद्धीवर आले, हसले, बोलले नाहीत. तुम्ही काय समजणार? मी तरी काय समजले? मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होते की बघा, पडल्या पडल्या नेम पाळतोय माणूस. आत आवाज लावून बघत होता बिचारा, आणि येत नव्हता. आणि आपण घाबरू म्हणून हसत होता. … हो, नंतर सांगितलं मला. लिहून.

असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसऱ्याची बायको पहिल्या तासाला ओरडली असती, बोलत का नाहीत हे म्हणून. आपल्या घरात न बोलण्याचं कौतुक. तेच त्या गोडबोल्यानं उचललं. तुम्ही त्याला मौनाचं सांगितलंत तेव्हा त्याच्या तोंडून काय आलं होतं, सांगितलंत मला… "छान, छान, असू द्या." असं म्हणाला ना? छान.

लाज तुम्हाला कशाची? लाज त्याला वाटायला हवी. तो परवा कोर्टात जांभया देत बसला होता.

तुम्ही नव्हता परवा. सांगते. न्यायाधीशांनी यांना नाव विचारलं. यांनी सांगितलं. पहिल्या बाकावर मी, मलाही अर्धंच ऐकू आलं. तर त्यांचा वकील उठला आणि म्हणतो कसा, "साक्षीदाराने उत्तर दिले, नोंद व्हावी." म्हणजे बोलता येतं यांना. … हो, तस्संच म्हणाला. हवा येते तोंडातून, तिला तो बोलणं म्हणतो.

काय सांगू तुम्हाला. ती आईची हाक आठवते तुम्हाला? हरवलेल्या लेकराला आई हाक मारते, तिथे आले की हे एकच शब्द तीन तऱ्हांनी गायचे. पहिल्यांदा रागानं, मग भीतीनं, आणि तिसऱ्यांदा… तिसऱ्यांदा मागच्या भिंतीला टेकलेले म्हातारेसुद्धा सरळ व्हायचे. दारात चपला घालून निघालेली बाई परत आत यायची. मी शंभरदा ऐकलं असेल, प्रत्येक वेळी वाटायचं, हाक मलाच मारलीय. आता मला बोलवायचं असलं की टाळी वाजवतात. नवरा टाळी वाजवतो आणि मी धावते, खानावळीतल्या पोऱ्यासारखी. … हसा, मीही हसते. पाणी पितानासुद्धा हनुवटी छातीला लावून, एकेक घोट, नाहीतर ठसका. साथीदार अजून येतात हो दर आठवड्याला. वाजवतात. हे नुसते ओठ हलवतात. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बसते, तेवढं ऐकू येऊ नये म्हणून.

मी देवाला काही विचारत नाही. ज्याच्यासाठी हे गायले त्यानं आवाज का जाऊ दिला, ते त्यांचं त्यांनी बघावं, त्यांचं अजून बोलणं आहे त्याच्याशी. माझं बोलणं त्या डॉक्टरशी आहे.

थांबा… एक मिनिट, वन्सं. हे आलेत. … अहो, वन्संचा फोन आहे. … उद्याचं. नाही म्हणतायत यायला. … जावयाला दम दिलाय, आणि त्या मौनाचं मनाला लावून घेतलंय. … हो, रडतायत. … 

वन्सं, हे काहीतरी सांगतायत. थांबा, कान लावते. … हं. … म्हणतायत, "ताईला सांग, मौन माझं होतं. तिची काही चूक नाही." … 

पुढे? … हं. … अहो, हे कशाला? … नाही, मी नाही सांगणार हे. … हात जोडू नका हो माझ्यासमोर. …

म्हणतायत…

म्हणतायत, "तिला म्हणावं, नको येऊस. मी रागावणार नाही. लेकीचं घर सांभाळ."

हो. असंच म्हणाले. … झालं, तेवढंच. … 

मी? मी कशाला मनचं सांगू? मनचं सांगितलं असतं तर वेगळं सांगितलं असतं. … विश्वास नाही ना? देते. त्यांनाच देते. घ्या हो, तुमच्या बहिणीला तुमच्या तोंडून ऐकायचंय. …

… 

हॅलो. ऐकलंत? … काय ऐकलंत? … नुसता वारा. … नाव? तुमचं नाव घेतलं त्यांनी, दोनदा. नाही कळलं? … 

रडू नका. आता मी बोलते ते ऐका, मग ठेवा फोन. तुमचा भाऊ काय म्हणाला ते तुम्हाला माझ्याकडूनच कळणार. वर्ष झालं, दूधवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना माझ्याकडूनच कळतं. हे "ये" म्हणाले, असं मी आत्ता सांगितलं असतं, तर तुम्हाला काय पत्ता लागणार होता? मोह झाला होता, तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. केस जाईल हे मला कळतंय. उद्या तो गोडबोल्या मोकळा होईल, परवा आणखी कुणाचा गळा उघडेल, आणि नस गेली की म्हणेल, छान, असू द्या. सगळं कळतंय. तरी यांचा शब्द मी होता तसा तुमच्यापर्यंत आणला. माझ्या विरुद्ध होता, तरी आणला.

तुमच्याकडे त्या डॉक्टरचा शब्द आहे. तोही होता तसा कुठेतरी पोचवायचाय. … 

नाही, ये म्हणत नाहीये मी. यांनी नको म्हटलंय, मी कशी म्हणू? … माफ? यांनी केलं, तुम्ही ऐकलंत. माझं विचारू नका. … विचारूच नका, वन्सं. … 

हॅलो? … हॅलो? … 

ठेवला.

… काय? … नाही हो, काही नाही म्हणाल्या. येते असं नाही, येत नाही असंही नाही, काहीच नाही. … हो, दिला तुमचा निरोप. अक्षर न अक्षर. …

माझाही दिला.