तळाची वाटी

तर हे काढ्याचं पाकीट माझंच आहे, नाही कोण म्हणतंय? नावच छापलंय त्यावर ठसठशीत — हाम काढेवाले, इस्पितळाचं मागचं फाटक, देगू. वॉर्डातल्या फ्रीजमध्ये दह्याच्या डब्यांमागे सापडलं असणार. बघा, बरोबर ओळखलं. सगळे दह्यामागेच लपवतात. तुम्ही आधी बसा, डॉक्टरीणबाई. त्या स्टुलावर नको, तो डुगडुगतो — हा घ्या. आणि हे जवाचं पाणी. नुसते भाजलेले जव आहेत, तुमच्या संशोधनाला त्यानं काही बाधा येत नाही, निर्धास्त प्या. आतून ही खडखड येतेय तिच्याकडे लक्ष देऊ नका, पाकिटं चिकटवायचं मशीन आहे. आमची ही बसलीय त्यावर. तिला हाक नका मारू. काढा गरम आहे तोवर हात थांबवता येत नाही, आणि तुम्हाला दारात बघितलं की ती धास्तावते. तुमच्याच नव्या गोळीची पेशंट ना ती! डॉक्टर दुकानात आले म्हणजे आपलं काहीतरी वाईट निघालं, असंच तिला वाटणार.

हं, तर तुमचं म्हणणं मला नीट कळलंय, पुन्हा सांगायची गरज नाही. मी शाळा अर्धवट सोडली, पण पस्तीसेक वर्षं तुमच्या फाटकासमोर बसून जेवढं डॉक्टरी कानावर पडलं तेवढ्यात एखादा पास झाला असता. लिव्हर कडक होत चाललेल्या लोकांवर तुम्ही नवी गोळी तपासताय. वर्षभर सगळं छान चाललं होतं. आता काही जणांचे रक्तातले आकडे एकदम वर गेले. म्हणजे लिव्हरला काहीतरी डाचतंय. ते गोळीमुळे, की आणखी कशामुळे, हे कळेना, आणि येत्या शुक्रवारी तुमचे वरचे सोक डॉक्टर सगळ्यांना बसवून सांगणार — गोळी बंद. बरोबर? आणि म्हणून तुम्ही आलात माझ्याकडे. गोळी बंद करण्याआधी कुणाच्या तरी माथी दोष मारून बघू. मग काढेवाला हाम आहेच, तो कुठे पळून जातोय!

नाही, रागावलो नाही. आम्हाला सवय आहे. तुमच्याकडे माणूस बरा झाला की इस्पितळानं केला, बिघडला की काढ्यानं. मो आजोबांचं पित्ताशय काढलंत तुम्ही, गेल्या हिवाळ्यात. आतले खडे त्यांनी बाटलीत भरून मागून घेतले आणि घरी टीव्हीवर नेऊन ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, नातवाच्या पदकासारखे. ते बरे होऊन आले ते थेट इथे. "हामशेठ, काळ्या बोकडाचा काढा लावा, अंगात जीव नाही राहिला." मी म्हटलं, "आजोबा, पित्ताशय गेलं, आता बोकडाची चरबी पचवणार कोण, तुमचे ते टीव्हीवरचे खडे?" परत पाठवलं. भोपळ्याचाच दिला, तोही पातळ. आणि ती हृदयाची झडप बदललेली बाई होती, तिची जाऊ आली — जिनसेंगचा द्या म्हणाली. मी पहिला प्रश्न हा विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हो म्हटली की मी म्हणतो, वहिनी, घरी जा, तिला मऊ भात द्या. हे तुम्ही कुठे विचारता? तुम्हाला विचारायला वेळ असतो तरी कधी!

आणि सोक डॉक्टरांचं नाव काढलंत म्हणून सांगतो, त्यांना म्हणावं, ड्रायव्हरला पाठवत जाऊ नका, स्वतः या. दर शरद ऋतूत येतो तो, डोंगर चढायचे दिवस सुरू झाले की. काळा बोकड, तिखट आलं जास्त घालून. "साहेबांच्या आईसाठी." त्यांची आई वारली तेव्हा फाटकावर पांढऱ्या फुलांची चक्रं मी माझ्या डोळ्यांनी बघितली. ड्रायव्हर तरी अजून येतोच आहे.

हसलात. चला, हसलात तरी.

आता लिव्हरचे लोक घेतात का माझ्याकडून, हे विचारताय. घेतात. पण असे तोंडावर येऊन घेत नाहीत. पेशंट स्वतः कधीच येत नाही, तो तुमच्याकडे सही करून बसलाय — काढा घेणार नाही, झाडपाला घेणार नाही, मधसुद्धा विचारल्याशिवाय चाटणार नाही. येते ती सून, नाहीतर नणंद. आणि काय म्हणते? "गुडघे दुखतात हो, मालक." या मागच्या फाटकासमोर जेवढे गुडघे दुखतात तेवढे सगळ्या देगूत नसतील! मी विचारतो, गुडघ्याला कडू दवणा कशाला? मग ती खाली बघते. डोंगरातला कडू दवणा लिव्हरसाठी, हे इथलं पोरसुद्धा सांगेल. आणि दिला की घरी काय होतं, ठाऊक आहे? मोठी नणंद स्वतः डोंगरावर जाऊन दवणा आणते, माझ्याकडून उकळून घेते, दोन बस बदलून ते वॉर्डात आणते, पाकीट कापते, तोंडाशी धरते. आता मोठ्या माणसाचं मन मोडून "नको" कोण म्हणणार? तुमची सही ठेवायची की नणंदेचं मन ठेवायचं? तुम्ही इथल्याच आहात ना? मग मला का विचारताय?

पण — हे लक्ष देऊन ऐका, कारण शुक्रवारी तुम्हाला हेच सांगायचंय — पण म्हणून आकडे काढ्यानं वाढले, हे मला पटवू नका. माझ्याकडे पुरावा आहे. पक्का. तो आत बसलाय, खडखड करतोय. आमच्या मालसुनचे आकडे वाढले की नाही? वाढले. तुम्हीच फोन केलात गेल्या आठवड्यात. आणि तुमच्या सगळ्या पेशंटांत काढ्याचं पाकीट कधी तोंडाला लावलं नाही, असं एकच माणूस मिळेल तुम्हाला, ते म्हणजे काढेवाल्याची बायको! मी घेऊ दिलं नाही. तुमची गोळी सुरू झाली त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, हिला कुणी काही द्यायचं नाही. माझी सख्खी बहीण रुसली, अजून बोलत नाही. चालेल म्हटलं. कारण आमच्याकडे दुसरा रस्ता नाही, डॉक्टरीणबाई. तिला ही हिपॅटायटिस-बीची कावीळ तिच्या आईकडून आली, दोन्ही भाऊ त्यातच गेले. लोकांची पोरं आपल्या लिव्हरचा तुकडा देतात आईबापांना. वर्तमानपत्रात फोटो येतो, गावात नाव निघतं. आमचा मुलगा थेसोप उल्सानला जहाजाच्या कारखान्यात आहे. तो धावत आला होता — "बाबा, मी देतो." तपासलंत तुम्ही. तर त्यालाही तीच कावीळ, आईकडूनच आलेली. त्या दिवशी ही बाहेरच्या बाकावर बसून रडली नाही की काही नाही. मला म्हणाली, "त्याला हे सांगणारी मी पहिली असायला हवी होते." आणि उठून दुकानात आली, मशीनवर बसली.

म्हणून म्हणतो, ती गोळी तेवढी उरलीय आमच्याकडे. ती बंद झाली तर मी काय करू, तिला कडू दवणा पाजू? पण आकडे तर खोटं बोलत नाहीत. तिनं काही घेतलं नाही आणि तिचेही वाढले. म्हणजे दोष गोळीचाच. मला हे म्हणायला बरं वाटतंय का? पण माझ्या हंड्यावर खापर फोडू नका. लिहायचं तर हे लिहा. हामची बायको कोरी आहे.

काय?

उरलेल्याचं काय करतो म्हणजे? कशाचं उरलेलं?

अच्छा. आता कळलं. म्हणजे फिरून फिरून तिथेच आलात! एका गिऱ्हाइकाच्या हंड्यात उरलं की ते दुसऱ्याच्या हंड्यात ओततो, लिव्हरवाल्याचं गुडघेवाल्याच्या पोटात जातं, भेसळ होते — असंच ना? हे बघा, मी हसून बोलतो म्हणून काहीही बोलू नका. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाच्या आहात म्हणून. हे दुकान माझ्या बापाचं. बाजारात निम्मे काढेवाले तेच करतात, मला ठाऊक आहे, नावं सांगू? पण या घरात नाही! गिऱ्हाइकानं आपला पाला आणला, आपला बोकड आणला, तर त्याचा थेंबन् थेंब त्याचा. हंडा उपसून पाकिटं भरत आलं की शेवटी एक पाकीट पुरं भरत नाही, अर्धी वाटी उरते. ते विकायचं नाही, ते दुसऱ्याचं आहे. दुसऱ्या हंड्यात घालायचं नाही. आणि मोरीतही ओतायचं नाही — कुणीतरी आजारी माणसासाठी उकळायला दिलेलं असतं, ते मोरीत ओतलं तर त्याच्या जिवाला काय वाटेल? माझ्या बापानं नियमच घालून दिला होता. तळाची वाटी घरच्या माणसानं उभ्या उभ्या प्यायची. की हंडा सुटला, मोकळा झाला. हिशोब मिटला.

आधी माझी आई प्यायची. आमचं लग्न झालं त्या आठवड्यात आईनं ती वाटी हिच्या हातात दिली. "घे, आता हे तुझं." म्हणजे दुकानच दिलं म्हणायचं. ही आली होती शेतकऱ्याच्या घरून, तिखट-गोड खाणारी. पहिल्यांदा तोंड असं वाकडं केलं — आई म्हणाली, "तोंड वाकडं करणाऱ्या सुनेच्या हंड्याला गिऱ्हाईक येत नाही." तेव्हापासून नाही केलं. कांदा, भोपळा, बोकड, ईल मासा, आलं, दवणा, जे सुटेल ते. लोक म्हणतात, हामच्या बायकोला कधी सर्दी नाही झाली, हेच त्याचं कारण. तेव्हा भेसळीचं माझ्यासमोर बोलू नका. माझ्या हंड्यातला थेंब इकडचा तिकडे गेलेला नाही, आमची ही तो थेंब कधी वाया घालवतच नाही, आज सकाळीसुद्धा पहिला हंडा सुटला तेव्हा मी स्वतः बघितलं, उभी राहून —

उभी राहून...

थांबा.

नाही, तुम्ही काही बोलू नका. एक मिनिट काही बोलू नका.

पण तो काढा नव्हे. तुम्ही तिला विचारलंत, काढा घेता का, ती म्हणाली नाही. खोटं नाही बोलली ती, तिला खोटं बोलताच येत नाही, विचारा कुणालाही. काढा म्हणजे पाकीट. काढा म्हणजे आपल्यासाठी उकळून घेतलेला. तळ म्हणजे... भांडी घासण्यासारखं आहे ते. भांडी घासता का, असं तुम्ही विचारलंत का तिला? मला विचारलंत का? मलाही नाही सुचलं. सगळ्या दुनियेला ओरडून सांगितलं, हिला काही देऊ नका, आणि दिवसातून जेवढे हंडे सुटतात तेवढ्या वेळा माझ्यासमोर...

आणि वर्षभर आकडे ठीकच होते की! दवणा हल्लीच जास्त यायला लागला. वसंतात. तुमच्या गोळीवाल्यांच्या नणंदांनी आणायला सुरुवात केली तेव्हापासून. म्हणजे त्यांचं त्यांनी प्यायलं, आणि त्यांच्या सगळ्यांचं उरलेलं हिनं.

हे वरती सांगायला लागेल का तुम्हाला? सांगितलंत तर नियम मला ठाऊक आहे, सहीच्या खाली तोच लिहिलाय, काढा घेतलेला माणूस संशोधनाबाहेर. गोळी वाचेल. बाकीच्यांना मिळेल, उद्या औषधाच्या दुकानातही मिळेल कदाचित, पण तोवर हिला कोण देणार? आणि नाही सांगितलंत तर शुक्रवारी गोळीच बंद, मग हिलाही नाही आणि कुणालाच नाही. बघा काय गंमत आहे. मीच तुम्हाला बसायला स्टूल दिला, चांगला, न डुगडुगणारा. मीच पाणी दिलं. तुम्ही भेसळीचं विचारलंत, मला माझ्या बापाचं नाव राखायचं होतं.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. दया करायची तर तिकडे —

ऐकलंत? मशीन थांबलं.

म्हणजे शेवटचं पाकीट झालं. म्हणजे हंडा सुटला. म्हणजे आता ती — सरका, सरका जरा, पडदा कुठाय — अगं! अगं मालसुन, ती वाटी खाली ठेव! ठेव खाली म्हणतो ना! वाटी —

ऐकलंत काय म्हणते? म्हणते, "एवढं ओरडायला काय झालं, आज तर थोडंच होतं."

जा तुम्ही आता. शुक्रवारी सांगा त्यांना, गोळीत दोष नाही म्हणून. कुणाचं नाव सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या तोंडून नका वदवून घेऊ. पाणी राहू द्या तसंच. जाताना दार ओढून घ्या, वाफ बाहेर जाते.