शाळेच्या दारातलं धपाटं

माझं माहेर आष्टीकडचं, बरड रानाचं, दिवाळी झाली की सगळं गाव ऊसतोडीला जायचं, मी बी मायसंगं जायचे, म्हणून शाळा दुसरीपत्तर आन मंग हातात कोयता. लग्न झालं ते बी तोडीवाल्याच्याच घरात. मंग एका साली ट्रकात मोळी चढवताना माझे मालक फळीवरून पडले, त्यांची कंबर गेली आन आमची तोड संपली. कडा गावाला आलो, एक खोली घेतली, हायस्कूलच्या दारात म्या गाडा लावला.

आधी भेळ लावली. पोरं खायची आन घटकाभरानं परत येऊन बघत उभी ऱ्हायची. पंधरा-सोळा वर्साचं पोर, काय सांगू तुमाला, त्याच्या पोटात इस्तू असतो, भेळीनं काय व्हतंय. म्या इचारलं, कावून रे इतकी भूक, तवा कळलं, लई जणांचे मायबाप तोडीला गेलेले, घरी एखादी म्हातारी, तिला चूल होतीय तर होतीय. मंग म्या धपाटं सुरू केलं, ज्वारीचं पीठ, वाईच बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. दहा रुपयाला एक, पण जाड थापायचं, एका धपाट्यात पोट भरलं पायजे.

त्यातलीच एक सारिका, तवा दहावीला व्हती. ती अर्धं खायची आन अर्धं वहीच्या कागदात बांधायची, आजीला म्हणून. म्या म्हणायचे, तू सगळं खा बाई, आजीचं मी येगळं देते. मी थापायचे आन ती गाड्याला टेकून धडे म्हणायची, मला बी पाठ झालते, लई हुशार पोरगी.

संक्रांत झाली आन एका मधल्या सुट्टीत आली ती खाईचना. मावशी, माझे आण्णा तोडीवरनं आलेत म्हणली, मायचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय, तिला कोयता झेपंना, आता माझं लग्न करणारेत. मावशी, परीक्षा होईस्तोवर मला तुमच्यात ठेवा, मी थापू लागन, भांडी घासन. म्या तव्यावरचं धपाटं पलटलं. एक खोली, मालक अंथरुणावर, लोकाची तरणी पोर. म्हणलं, आज जा बाई, उद्या बघू. उद्या म्हणलं म्या.

दुसऱ्या दिवशी ती आलीच न्हाई. तिसऱ्या दिवशी गाडा झाकला आन तिच्या घरी गेले. बाप दारातच बसलेला. म्हणलं भाऊ, परीक्षा तरी हुंद्या, पोरगी न्हानी हाय, कायदा बी हाय. मानूस वाईट न्हवता, त्याचे डोळे भरले. म्हणला, आक्का, तुमी बी ऊसाच्या फडातल्याच, तुमाला येगळं काय सांगू, हिची माय उठंना, म्हातारीला दिसंना, एवढी पोर एकटी टाकून मला तिकडं झोप लागत न्हाई. तुमी ठेवता का तुमच्यात? बोला, आत्ता ठेवून जातो.

म्या म्हणलं, मालकांच्या औषधाची येळ झाली, आन माघारी वळले. सारिका दाराआड उभी व्हती, तिनं ऐकलं. चार दिवसांत लग्न लागलं, नवऱ्यासंगं फडात गेली. लोक म्हणतेत, असली लग्नं थांबवाया एक नंबर असतोय, फोन करायचा व्हता. मला ठाऊक न्हवता. आन ठाऊक असता तरी केला असता का, खरं सांगते, मला सांगता येत न्हाई.

पाडव्यानंतर तोडीवाले परतले, तवा बाजाराच्या दिवशी नवऱ्याला घेऊन गाड्यावर आली. नवरा बी पोरगाच, भुकेला, घास चावायचं त्याला भान न्हाई. तिच्या हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघाच रेघा. तिनं खाल्लं आन म्हणली, मावशी, चांगलं झालंय. बस, एवढंच. चार शब्द मला वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.

मालक गेले गेल्या पावसाळ्यात. आता मी एकटी, खोलीत जागाच जागा. गाडा चालूच हाय, थापायचं म्हणून थापते, पीठ मळताना कुठं लक्ष असतं माझं मला कळत न्हाई. तुमी इतकं ऐकून घेतलं, सुखी ऱ्हा. दिवाळी झाली की नव्या पोरी येतेत, खातेत, लई वाळलेल्या असतेत, एखादी गाड्याला टेकून बोलाया लागली की मी काम काढून आत वाकते. खा बाई पोटभर, एवढं म्हणते. नाव मात्र इचारत न्हाई कुणाला.