निघालो, वाटेत आहे

...आणि वर मलाच विचारतात, तुझा कुणावर विश्वासच नाही का रे! अहो, आहे ना! माणसाच्या चांगुलपणावर माझा इतका विश्वास आहे की बाहेर शिकून, तिथली चालून आलेली नोकरी सोडून मी परत आलो, ते काकांच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत, का, तर व्यवस्था बदलायची म्हणून. मी संशयी माणूस नाही हो. पण तुम्हाला सांगतो...

आमच्याकडे कसं होतं, कुठं लिफ्ट बंद पडली की ऑफिसातल्या फोनवाल्या बाई एकेका मेकॅनिकला फोन लावत बसायच्या, हा उचलत नाही, तो म्हणतो जेवतोय, तिसऱ्याचा फोन त्याची बायको उचलते आणि बाईंशी गप्पाच मारत बसते! मी म्हटलं, हे बंद. सगळ्यांच्या फोनवर एक अ‍ॅप टाकलं. तक्रार आली की निरोप थेट मेकॅनिकला, तो आला नाही तर वरच्या माणसाला, म्हणजे काकांना, आणि त्यांच्याकडूनही काही हललं नाही तर मला. मग आलं नवं अपडेट. पाठवलेला निरोप मागे घ्यायची सोय, तातडीचा निरोप आला की आवाज बंद असला तरी फोन कोकलणार ही सोय, आणि एक सोय होती 'तुमच्या वतीने'. नाव इतकं सेवाभावी की खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. सगळ्यांच्या फोनवर सगळं चालू करून टाकलं.

आणि काय सांगू, चमत्कार! आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, त्यांना सगळे मामा म्हणतात, ज्यांच्याकडून नुसतं 'हो' यायला दुपार उलटायची, ते क्षणात लिहायला लागले, 'निघालो, वाटेत आहे.' स्वल्पविरामासकट! मामा आणि स्वल्पविराम? मी संशयी माणूस नाही हो, पण...

तिकडे गिऱ्हाइकांचे फोन सुरू. अहो, तुमचा माणूस केव्हाचा वाटेत आहे म्हणतोय, कुठल्या वाटेत आहे? अस्सं! म्हणजे मामा जागचे हलत नाहीत आणि बसल्या जागी थापा मारतात. आणि खोटेपणा मला सहन होत नाही. मी काकांना निरोप पाठवला, मामांना कामावरून काढावं म्हणतो. उत्तर हजर, 'चालेल. तू बघ.' काकांचं! चहा घेणार का विचारलं तरी 'घाई काय आहे' म्हणणाऱ्या काकांचं! पण उत्तर माझ्या बाजूचं होतं ना, त्यामुळे संशय आला नाही. लगेच मामांना कळवलं, 'उद्यापासून कामावर येऊ नका.' तर मामांचं उत्तर काय यावं? 'निघालो, वाटेत आहे.'

आणि दुसऱ्या दिवशी खरंच हजर! खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर हसू, आणि मलाच सांगतायत, धाकटे साहेब, पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आता काही वर्षं मान मोडून काम करायचं. काय हा निगरगट्टपणा! म्हटलं, आता तोंडावर सांगायचं, पण चारचौघांत नको. त्यांना एका इमारतीत लिफ्ट तपासायला जायचं होतं, मी बरोबर निघालो. आत शिरलो, दार लागलं, मी घसा खाकरून म्हणालो, मामा, जरा बोलायचं होतं... आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

मी तातडीचा निरोप टाकला. मामांच्या खिशात फोन कोकलला, आणि माझ्या पडद्यावर उत्तर, 'निघालो, वाटेत आहे.' मामा माझ्यासमोर! दोन्ही हातांनी दांडी धरलेली!

"मामा, तुम्ही निघालात?"

"कुठं?"

"इकडे."

"मी इकडेच आहे की."

मामा काही येईनात, येणार कुठून, तेव्हा निरोप गेला काकांना. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. काका म्हणतात, 'चालेल. तू बघ.' मग निरोप आला मला, आणि मी बोटही लावलं नाही तर माझ्या फोननं उत्तर दिलं, 'आपण व्यवस्था बदलतोय, थोडा विश्वास ठेवा.' अहो, माझंच वाक्य ते! रोज सगळ्यांना तेच पाठवायचो मी! तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. 'तुमच्या वतीने' म्हणजे तुमची जुनी उत्तरं बघायची आणि तुमच्याआधी, तुम्हाला कळूही न देता, फोननंच नीटनेटकं उत्तर देऊन टाकायचं. मामांना तक्रारी कळतच नव्हत्या. काकांनी त्यांना काढलंच नव्हतं. काढलं होतं मी आणि दोन फोनांनी मिळून.

तेवढ्यात मामांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. चष्मा राहिलाय, काय आलंय वाचा जरा. त्यात माझा कालचा 'कामावर येऊ नका' होताच. मी माझ्या फोनवरून गुपचूप तो निरोप मागे घेतला. तर अ‍ॅप इतकं प्रामाणिक, मामांचा फोन मोठ्यानं बोलला, 'धाकट्या साहेबांनी एक निरोप मागे घेतला आहे.'

"कसला निरोप?"

सांगितलं. काय करणार, पळायला जागा होती का? मामांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"म्हणजे मी कामावर नाही."

"मामा, तसं नाही..."

"मग मीपण तुमच्यासारखा अडकलेला माणूस. मेकॅनिक बोलवा."

मी माफी मागितली, हात जोडले. मामा ढिम्म. परत कामावर घेणारे तुम्ही कोण म्हणाले, काकांना विचारा. विचारलं. 'चालेल. तू बघ.'

"हे काका का फोन?"

"फोन."

मामांनी दाढी खाजवली. "काढलं त्यानंच ना? मग घेऊ दे त्यालाच." आणि उठले, कसलंसं झाकण उघडून आत काहीतरी खटखट केलं, आणि लिफ्ट खाली आली.

संध्याकाळी काकांना सगळं कबूल केलं. काकांनी आधी सावकाश चहा संपवला. मग म्हणाले, मामा राहतील, अ‍ॅप जाईल, आणि तुझा माणसांवर विश्वास आहे ना, मग यापुढे माणसांपर्यंत स्वतः जात जा. आणि खरंच, आता फोनवर काहीही आलं तरी आमच्याकडे कुणी खरं मानत नाही. म्हणून निरोप मी पोचवतो. पायी. एकही चुकत नाही.

फक्त एक आहे, मेकॅनिक कायम सगळ्यात वरच्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत असतो. मी संशयी माणूस नाही हो, पण... लिफ्ट? कुठली लिफ्ट? ती बंद आहे म्हणून तर तो वर गेलेला असतो!