गोदीची झारी

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मृदंगवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. या आख्यानात तुम्हाला फारसं काम नाही. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दयेपोटी बोललेलं खोटं कुणाला लागतं? बोलणाऱ्याला, की ऐकणाऱ्याला?

कुणालाच नाही, म्हणता? असेल. कीर्तन संपलं की तुम्ही दरवेळी म्हणता, "बुवा, आज फार रंगलं." मलाही काही लागत नाही. ऐकतो, आणि पुढच्या गावी जातो.

तर ऐका. करंजवडी नावाचं गाव. गावात बालवाडी, बालवाडीमागे बाग. बाग म्हणजे काय – हातभर लांब, हातभर रुंद असे मातीचे चौकोन, एकेका पोराला एकेक. सांभाळायला नागूआबा फुलारी. वय सत्तर, दात चार, शिष्य एकवीस. आबांचे नियम तीन. पाणी झारीनं घालायचं, तांब्यानं ओतायचं नाही. पेरलेलं बी उकरून पाहायचं नाही, ते रुसतं. आणि आठ दिवसांत नाही उगवलं, तर आबांना येऊन सांगायचं.

आता पोराला 'उकरू नको' सांगणं म्हणजे तुम्हाला 'लाडवाच्या डब्यात डोकावू नका' सांगण्यासारखं. पोरं उकरायची. बी कुजायचं. उरलंसुरलं कोंबड्या बघून घ्यायच्या. तरी मंडळी, त्या बागेत एकही चौकोन कधी रिकामा राहिला नाही! कसा राहील? आबा पहाटे यायचे, धोतराच्या ओच्यात घरची रोपं घेऊन. जिथे उगवलं नाही तिथे एक रोप बसवायचे, माती सारखी करायचे, आणि पोरं येईपर्यंत ओट्यावर जाऊन बसायचे – आत्ताच आल्यासारखे.

"आबा, माझं आलं."

"येणारच की. मातीत नीट ठेवलं, रोज पाणी घातलं, की येतंच."

गावाला हे ठाऊक होतं. गाव गालात हसायचं. कुणी आपल्या परसातली चार रोपं आणून द्यायचं. पुण्यकर्मच ते. तुम्हीही दिली असती.

त्या एकवीस जणांत एक गोदी. पाच वर्षांची. तिच्या चौकोनात लाल भोपळा, हातात पत्र्याची झारी. आठव्या दिवशी भोपळ्याला दोन पानं आली. पानं आबांची, पण पोरीला कोण सांगणार?

माघात गोदीला भाऊ झाला. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. पाळण्याला हिरवा रंग दिला. रंग वाळायचा होता, आणि अकराव्या दिवशी बाळ गेलं. नाव ठेवायचं राहिलं.

एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. सोपानमामानं, म्हणजे गोदीच्या आईच्या भावानं, फडक्यात गुंडाळून बाळ उचललं. खड्डा कोण खणणार? ज्याच्या हाताला माती कळते तो. नागूआबा कुदळ घेऊन आले. ओढ्याकाठी, करंजाच्या झाडाखाली. वर माती, मातीवर दगड, दगडांवर बाभळीचे काटे – कुत्र्यांसाठी.

गोदी दारात उभी होती. "बाळ कुठं नेलं?"

आईनं तोंडाला पदर लावला. आजी म्हणाली, "ओढ्यावर, करंजाखाली. आबांनी मातीत ठेवलंय बाई. अगदी नीट ठेवलंय."

मंडळी, आजीचं काय चुकलं? शब्दन् शब्द खरा.

सहा-सात दिवसांनी आई पोरीला न्हाऊ घालत होती. हातावर ओरखडेच ओरखडे.

"हे कुठं लागलं गं?"

"काट्यांनी."

"कसल्या काट्यांनी?"

"बाळावरच्या. ते बाजूला केल्याशिवाय पाणी आत जात नाही ना."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती रडली नाही. पोरीसमोर रडायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

संध्याकाळी मामा आबांच्या दारात. "आबा, पोर ओढ्यावर पाणी घालतीय. उद्या पहाटे तिथं एक तुळस लावून टाका. तुमचा हात बसलेला आहे. पोरीचं समाधान होईल."

आबा म्हणाले, "लावतो."

पहाटे गेले. ओच्यात तुळस. खाली बसले. दगड नीट एका बाजूला रचलेले, माती ओली, आणि कुठेही उकरल्याची खूण नाही. एवढीच पोर होती जिनं नियम पाळला होता. आबांच्या मनात आलं – लावली तुळस, पोर म्हणेल हाच माझा भाऊ. आणि वैशाखात वाळली तर? तर तिचा भाऊ पुन्हा मरेल. या खेपेला तिच्या हातून.

तुळस ओच्यातच राहिली. आणि मागे झारी वाजली.

"आबा, बरं झालं तुम्हीच आलात. आज आठ दिवस झाले. आलं नाही." मग जवळ येऊन, हळू आवाजात, "उकरून बघू या?"

तिन्ही नियम तिनं पाळले होते. आता उत्तर शिकवणाऱ्यानं द्यायचं.

आबांनी तिचा हात धरला. "गोदे, हे उगवत नाही."

"का? पाणी कमी पडलं?"

"नाही. तू बरोबर घातलंस. बाळ मेलं. मेलेलं उगवत नाही."

"पण तुम्ही म्हणालात, येतंच."

"खोटं बोललो. तुझा भोपळाही आला नव्हता. बी कुजलं होतं. मी पहाटे दुसरा आणून लावला."

"शकूचा झेंडू?"

"तोही."

"बंड्याचा घेवडा?"

"बंड्याचा तर दोनदा."

पोरीनं झारीत डोकावून पाहिलं. म्हणाली, "मग मी पाणी घातलं ते कुठं गेलं?"

आबांच्या ओठांवर आलं होतं – बाळाला पोचलं गं. जन्माची सवय. त्यांनी ते गिळलं. म्हणाले, "जमिनीत गेलं."

तिनं झारीतलं उरलेलं तिथेच ओतलं. दोघांनी मिळून दगड परत ठेवले. काटे आबांनी एकट्यानं ठेवले. घरी जाऊन गोदी आईला म्हणाली, "आई, ते उगवत नसतं. तुला माहीत होतं?" तेव्हा ती माउली रडली. दोघी रडल्या. घरातला ठराव मोडला.

आता सांगा, दयेचं खोटं कुणाला लागतं? ओरखडे कुणाच्या हातावर होते?

त्यानंतर आबा पहाटेचे यायचे बंद झाले. जिथे उगवलं नाही, तो चौकोन रिकामा राहू लागला. पोरं धावत येतात, आणि तिथं आली की वळसा घालून जातात. त्यावर पाय देत नाहीत. हा चौथा नियम, आणि तो कुणी शिकवलेला नाही.

मंडळी, तुमच्याही घरात असा एक रिकामा चौकोन आहे. त्यावर तुम्ही छानशी कुंडी ठेवली आहे, आणि पोरांना सांगितलंय, तिथं काही नव्हतंच. मला नका सांगू. मी उद्या पुढच्या गावी. घरी जा, आणि ती कुंडी हलवा. पोरं कुठे वळसा घालतात, ते बघा.

आता वाजवा टाळ. हळू वाजवा.