वास सुटेपर्यंत

नाकाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीकाकांशेजारी एक गृहस्थ मांडीवर झाकलेली कढई घेऊन टेकले.

“कढई कशाला हो?”

“बायको सांगून गेलीय, लाडवांचा रवा वास सुटेपर्यंत भाजा. सकाळपासून भाजतोय, वासाचा पत्ता नाही! संध्याकाळी सासूबाई यायच्यात.”

“नाक बिघडलं असेल.”

“किंवा रवा. डॉक्टरांनी हुंगला की सोक्षमोक्ष लागेल.”

“बघू! अहो, हा तर काळाकुट्ट झालाय.”

“रंगावर जाऊ नका. वास येतोय का?”

“छे!” काकांनी कढई पलीकडे नंबर लावून बसलेल्या आजींपुढे धरली. “आजी, तुम्ही बघा बरं.”

“मलाही नाही बाई.”

“झालं तर! तिघांचं एकमत. रवा कच्चाच आहे.”

तेवढ्यात आतून नर्सबाई नाकाला रुमाल लावून धावत आल्या.

“जळका वास कुठून येतोय?”

“सुटला!” गृहस्थ उडालेच. “काका, माझा नंबर रद्द करायला सांगा. मी पाक करायला पळतो!”